तळोदा बघून येतो

नऊ वर्षांपूर्वी मी एका मित्राचा अर्ज ड्रॉवरमध्ये दडवला होता. प्रवासाची हकीकत अशी सुरू करत नाहीत हे मला कळतं, पण ह्या प्रवासात मी बसमध्ये बसलो ते ह्या गोष्टीसकटच. ती शेवटी सांगितली तर मधलं सगळं खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगतो.

मी साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत काम करतो. म्हणजे रजा, बदल्या, बढत्या यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्या वर्षी आमच्याकडून एक वरिष्ठ लिपिक नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याला पाठवायचा होता. ज्येष्ठता यादीत अरविंद भोईटे आणि मी लागोपाठ. आधी तो, मग मी. अरविंदची बायको, नीलिमा वहिनी, एका शाळेत गणित शिकवायच्या आणि कायम व्हायला त्यांना एकच वर्ष उरलं होतं. त्या कारणावरून बदली टळावी असा अर्ज अरविंदनं लिहिला. मी डबा खायला गेलो होतो तेव्हा त्यानं तो माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला.

आमच्याकडे शिपाईसुद्धा अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घेतो. अरविंदनं घेतली नाही. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ट्रेमध्ये कागद ठेवलाय रे. तुझंच तर टेबल, पोहोच कशाला?"

मी अर्ज वाचला. तो साहेबांपुढे गेला असता तर पुढचं नाव माझं होतं. मला काही अडचण नव्हती. आई धडधाकट होती, मुलाची शाळा कुठेही झाली असती. मला फक्त तिकडे जायचं नव्हतं. साहेब चिडले की "नंदुरबार दाखवू का?" म्हणायचे, आणि आम्ही सगळे हसायचो. मी अर्ज खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दिवसांनी यादीवर सही झाली. त्या संध्याकाळी घरी बंब पेटवताना तो कागद मी आत घातला.

अरविंदनं विचारलं तेव्हा म्हणालो, "ट्रेमध्ये नव्हता रे. मी पाहिलाच नाही." त्यानं विश्वास ठेवला. दोन दिवसांनी वहिनी स्वतः कार्यालयात आल्या. साहेबांनी आवक नोंदवही मागवली, पानं उलटली आणि सांगितलं की असा अर्ज आलेलाच नाही. मी समोरच्या टेबलावर फाईलला दोरी बांधत होतो. बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधली. जून महिन्यात भोईट्यांचं बिऱ्हाड हललं. वहिनींनी राजीनामा दिला.

यंदा जानेवारीत माझी बढती झाली. कार्यालय अधीक्षक, नेमणूक तळोदा. अरविंद अजून तिथेच होता. यादीत तो माझ्या आधी, पण पुन्हा बिऱ्हाड हलवायला नको म्हणून त्यानं आपली बढती आधीच नाकारली होती. म्हणजे मी त्याचा वरिष्ठ होऊन जाणार होतो. बढती नको असेल तर तसं लेखी देता येतं. आमच्यात कित्येकजण देतात, लिपिक म्हणूनच निवृत्त होतात पण गाव सोडत नाहीत. मला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नकार दिला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं, आणि त्या कागदाची गोष्ट कायमची माझ्यापाशीच राहिली असती.

"न बघता नको म्हणू नका," सुनंदा, माझी बायको, म्हणाली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. "पाणी कसं आहे, घरं कशी आहेत, बघून या. आणि भोईटे भाऊजी आहेतच की तिथं."

अरविंदला फोन केला तर तो म्हणाला, "ये की. मुक्काम आमच्याकडे. हॉटेलात उतरलास तर नीलिमा मला घरात घेणार नाही."

गुरुवारी नाशिकला मेव्हण्याकडे राहिलो आणि शुक्रवारी पहाटेची नंदुरबारची एसटी धरली. सटाण्यापर्यंत कांद्याची शेतं आणि थंडी. साक्री मागे पडली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि डोंगर बुटके होऊन बाजूला सरले होते. शेजारी टोपीवाले एक आजोबा बसले होते. बराच वेळ माझ्या बुटांकडे बघून त्यांनी विचारलं, "कोठला शेतस तुमी?"

"साताऱ्याचा."

"इतला लांबथून? लगीन शे का मयत?"

दोन्ही नाही, नोकरीचं बघायला चाललोय, तळोद्याला, असं म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "मंग तोंड कसाले उतरेल शे? तळोदामा बी मानसंच ऱ्हातस." आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. इकडे बोलतात ती अहिराणी. शे म्हणजे आहे, कसाले म्हणजे कशाला. पहिल्या तासाभरात मला ती अर्धी कळत होती आणि उरलेली आजोबांच्या हातवाऱ्यांवरून.

नंदुरबार अगदी जवळ आलं असताना चाक पंक्चर झालं. खाली उतरलो आणि आधी शिंका आल्या, मग दिसलं. रस्त्याच्या कडेला, नजर पोहोचेल तिथपर्यंत जमिनीवर लाल मिरची पसरलेली. ह्याला इथे पथारी म्हणतात (मिरची वाळवायचं मोकळं मैदान). डोक्यापासून तोंडापर्यंत फडकी गुंडाळलेल्या बायका रांगेनं बसून देठ खुडत होत्या. मी चांगलं दिसावं म्हणून दोन पावलं जवळ गेलो आणि मग डोळे, नाक, घसा, सगळंच हातातून गेलं. कठड्यावर बसून खोकत राहिलो.

एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. "पावने, तोंडले रुमाल बांधा. आमनं नाक तं कवयंच मरी गयं (कधीच मेलं)."

बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "रडू देवो माय त्यास्ले. घरनी याद येत व्हई."

माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. ते पुसायला हात वर नेला, तर त्या तिघीचौघी एकदम ओरडल्या, "हात नका लावू." मिरचीच्या रानात डोळ्याला हात लावायचा नसतो, हा मी नंदुरबार जिल्ह्यात शिकलेला पहिला धडा.

नंदुरबारला गाडी बदलली. तापीच्या पुलावरून पलीकडे गेलं की उत्तरेला सातपुडा दिसायला लागतो. मला सह्याद्रीची सवय. आमचे डोंगर अंगावर येतात. हा दूर, निळसर, क्षितिजावर आडवा पडलेला. तळोदा त्याच्या पायथ्याशी आहे. अरविंदनं कार्यालयात यायला सांगितलेल्या वेळेला अजून अर्धा तास होता. कार्यालयाकडे जायचा रस्ता विचारावा म्हणून जीपच्या अड्ड्यावर गेलो. डोंगरातल्या गावांना इथूनच जीपगाड्या सुटतात.

"बसा साहेब, धडगाव ना? एकच जागा आहे," एक ड्रायव्हर म्हणाला.

"मला धडगावला नाही जायचं."

"मग कुठे?"

"कुठेच नाही. मला फक्त विचारायचं होतं की..."

"मग बसून विचारा ना."

मागून दोघंतिघं चढत होते. त्यांच्या रेट्यात मी आत गेलो, माझ्या मांडीवर कुणाची तरी पिठाची गोणी आली आणि गाडी सुटली. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, कानात चांदीच्या बाळ्या, मांडीवर कोंबडी. त्यानं विचारलं, "तू नवा सायब?" डोंगरातले लोक मराठी बोलतात तेव्हा सगळ्यांना 'तू'च म्हणतात, असं पुढे अरविंदनं सांगितलं. तेव्हा मात्र बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ओळख नसताना मला अरे-तुरे केलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

"मग कधी?"

"ठरवायचंय."

"कोण ठरवते?"

"मीच."

त्यानं शेजारच्याला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. ते जीपभर पसरत गेलं आणि शेवटी ड्रायव्हरसुद्धा हसायला लागला. गावाबाहेर त्यानं मला उतरवलं. "काका म्हणतात, ज्याचं ठरलं नाही त्यानं घाटात येऊ नये, उलटी होते."

अर्धा तास चालत परत आलो. ऊन छान होतं. बाजाराचा दिवस असावा. रस्त्याच्या कडेनं बायका टोपल्यांत वाल, भगर, छोटे कांदे घेऊन बसल्या होत्या. कुणी हाक मारून गळ्यात माल घालत नव्हतं. विचारलं तर सांगत होत्या, नाहीतर आपापसात बोलत होत्या. मला एकाएकी सुनंदा इथे भाजी घेताना दिसली. नकार द्यायला आलेल्या माणसाला असं काही दिसायला नको होतं.

अरविंद कार्यालयाच्या फाटकातच उभा होता. केस सगळे पिकलेले, बाकी तोच. "कुठे गायब झालास? मला वाटलं, पळाला."

त्यानं मला कार्यालय दाखवलं, माणसांना भेटवलं, अधीक्षकाची खुर्ची दाखवली. "तुझी हीच. एक हात डगमगतो, तेवढा बदलून घेऊ." त्याचं स्वतःचं टेबल त्या खुर्चीच्या बरोबर समोर होतं. मी बसून बघावं असा त्यानं आग्रह केला. मी पाठ दुखते म्हणालो.

मग एक घर बघितलं. दोन खोल्या, मागे मोरी, नळाला एक दिवसाआड पाणी, दारात कडुनिंब. मालकीणबाई शेतकरी घरातल्या, साठीच्या पुढच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मला खालपासून वरपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "बाईले आनशात का एकलाच ऱ्हाशात?"

"म्हणजे, आधी एकटा, मग..."

"मंग नही देवाव. साहेब लोके येतस, एकलाच ऱ्हातस, शनिवार उना का गावले पयतस (पळतात). घरमा दिवा नही लागस. आमले भाडं नही, शेजार पाहिजे."

"आक्का, हा तसा नाही," अरविंद म्हणाला. "मी जामीन."

"तू जामीन शे तं मंग शे," त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात ठेवून दार लावून बघायला सांगितलं. मी दार लावून बघितलं. अरविंदनं माझ्यासाठी जामीन राहावं, आणि त्याच्या एका शब्दावर परक्या बाईनं घर द्यावं. नऊ वर्षांत त्यानं इथे काय कमावलं होतं ते मला तेव्हा कळलं.

पाच वाजता त्याच्या मोटरसायकलवरून लोणखेड्याला निघालो. शहाद्याला लागून असलेलं हे गाव, तिथे त्याचं बिऱ्हाड. तळोद्याला तो रोज ये-जा करतो. वहिनींना इथलं कॉलेज जवळ पडतं म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी आणि पपई. एका शेताच्या कडेला माणसं पपया वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रकमध्ये रचत होती, तान्ह्या मुलांना दुपट्यात गुंडाळावं तशी. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या रांगेनं चालल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या मागे धूळ खात. "ही धूळ खाल्ली की माणूस इथला होतो," अरविंद ओरडून म्हणाला. मी त्याच्या पाठीमागे बसलो होतो. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. बोलायचं तर तेव्हाच बोलता आलं असतं. मी पपईचा भाव विचारला.

वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. "या भाऊजी. किती वाळलात. साताऱ्यात पाणी संपलं का?" त्या हसून बोलत होत्या आणि मला मान वर करता येत नव्हती. त्यांचा मुलगा आता पुण्याला शिकायला आहे. त्या कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे घेतील तेवढ्या तासांचीच नोकरी, दर वर्षी नव्यानं अर्ज. संध्याकाळी घरी शिकवण्या. शेजारीण दारातून डोकावली तर तिच्याशी अशी अहिराणी बोलल्या की मी बघतच राहिलो.

"पहिलं वर्ष फार वाईट गेलं," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "भाजीवालीशी बोलायला लाजायची मी. आता वर्गात गणित अडलं की अहिराणीत सांगते, पोरांना पटकन कळतं. इथल्या मुली हुशार आहेत हो. एक तर आता इंजिनिअर झाली."

जेवायला दादरची भाकरी (दादर म्हणजे इथली थंडीतली ज्वारी), वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि मिरचीचा ठेचा. भरितासाठी वांगी तुरीच्या काड्यांवर भाजलेली, तो वास भाकरीला लागलेला. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. अरविंद म्हणाला, "सुनंदा वहिनींनाही आवडेल इथे. नीलिमाला बघ, आधी यायला तयार नव्हती, आता हलायला तयार नाही."

"तयार नव्हते, कारण तुम्ही अर्ज दिला नव्हता," वहिनी म्हणाल्या.

"झालं सुरू."

"भाऊजी, ह्यांचा तो अर्ज म्हणजे नवसासारखा. केला म्हणतात, कुणी बघितला नाही."

"दिला होता गं. ट्रेमध्ये ठेवला होता."

"मग पोहोच दाखवा."

"नऊ वर्षं ही पोहोच मागतेय," अरविंद मला म्हणाला. तो हसत होता, पण ते हसणं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. "अरे, पंख्यानं उडाला असेल. तुझ्या टेबलावरचा पंखा आठवतो ना? कागद ठरत नव्हता त्याच्याखाली."

"आठवतो," मी म्हणालो.

"बघ," अरविंद म्हणाला.

"साहेबांसमोर भिऊन दिला नाही, असं एकदा म्हणा, मी विषय सोडून देईन," वहिनी हळूच म्हणाल्या. "नोकरी गेली त्याचं नाही हो आता एवढं. पण माणसानं खरं सांगावं." मग त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

मी वहिनींची नोकरी घालवली एवढंच समजत होतो. ह्या घरात रोजच्या ताटाजवळ मी एक खोटारडा माणूस बसवून ठेवला होता आणि तो अरविंद होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

सकाळी चहा घेतला, वहिनींनी दिलेला पातोड्यांचा (बेसनाच्या वड्यांचा) डबा पिशवीत ठेवला. शनिवार असल्यानं अरविंदला सुट्टी होती. त्यानं शहाद्याच्या स्टँडवर सोडलं. "सोमवारी हो म्हणून कळव. आक्का घर धरून ठेवतील," तो म्हणाला आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत उभा राहिला.

प्रकाशाला गोमाई नदी तापीला मिळते. शहाद्यातून, म्हणजे जवळजवळ त्यांच्या दारावरून आलेली ती नदी. पुलावरून खाली घाट आणि देवळं दिसत होती, पायऱ्यांवर कुणी धोतर वाळत घातलं होतं. बस प्रवासी घ्यायला थांबली होती. मी मनात नकाराचा मजकूर जुळवत होतो. "कौटुंबिक अडचणीमुळे" इथवर आलो आणि लक्षात आलं की हा माझ्या हातून बनणारा दुसरा खोटा कागद आहे. मला तळोदा आवडलं होतं. जीपमधला म्हातारा, किल्ल्यांच्या आक्का, ती डगमगती खुर्चीसुद्धा. मला यायचं होतं. आणि न सांगता येणं शक्य नव्हतं. रोज समोरच्या टेबलावर अरविंद असणार.

मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काका, नंदुरबार लांब शे अजून."

"माहीत आहे. मागे जायचंय."

"काही राही गयं का?"

"हो."

उलट दिशेच्या काळीपिवळीत बसून शहाद्याला आणि तिथून चालतच लोणखेड्याला गेलो. अकरा वाजत आले होते. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि अरविंद पाण्याच्या मोटारीशी काहीतरी खटपट करत होता.

"काय रे, गाडी चुकली?" त्यानं विचारलं.

"नाही. मी उतरलो." मी बूट काढले, ओट्याच्या पायरीवर बसलो. पाणी दिलं ते घेतलं नाही. "अरविंद, तूही ये इकडे. वहिनी, हातातलं ठेवलंत तरी चालेल, नाही ठेवलंत तरी चालेल."

अरविंद हात पुसत आला. मी वर बघितलं नाही, आणि मग ठरवून बघितलं.

"अर्ज दिला होता ह्यानं. माझ्या ट्रेमध्ये ठेवला होता. मी तो वाचला. तो पुढे गेला तर माझी बदली होणार होती, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि सही झाल्यावर जाळला. तुम्ही कार्यालयात आलात त्या दिवशी मी समोर बसलो होतो. काल जेवतानाही खोटंच बोललो."

वहिनींनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. अरविंद माझ्याकडे बघत होता. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तुम्ही दिला होता?" त्यांनी अरविंदला विचारलं.

"दिला होता," तो म्हणाला. त्याचा आवाज मी कधी न ऐकलेला होता.

"मला इथे यायचंय," मी म्हणालो. "पण मी येणार म्हणून तुम्ही मला सोडावं असं नाही. येणं न येणं माझं मी बघेन, त्याचं ओझं तुमच्यावर टाकत नाही. वहिनी, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. नऊ वर्षं तुम्ही ह्याला खोटा समजत आलात, तेही माझ्यामुळे. अरविंद, तू माझ्याकडून पोहोच घेतली नाहीस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. मला कुठलंही कारण सांगायचं नाही. मी चुकलो. तुमची दोघांची माफी मागतो."